मांडवात पुकारलेलं नाव

रेश्मा गेली हे कुंडलिकला सगळ्यांत शेवटी कळलं.

होटगीच्या मालधक्क्यावर सिमेंटचा रेक लागला होता. वॅगनमधून पोती उतरवताना हमाल मोबाइल जवळ ठेवत नाहीत, धूळ आत जाते. सगळ्यांचे मोबाइल जेवणाच्या पिशव्यांत आणि पिशव्या पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला. तिकडे चिंचोळी एमआयडीसीत त्याची बायको रस्त्यावर पडली, लोक जमले, पोलीस आले, कुणीतरी शूटिंग करून ते सोलापूरभर फिरवलं. आणि तिचा नवरा इकडे पाठीवर पोती वाहत होता.

चहाच्या सुट्टीत त्याचा जोडीदार गुरुबसप्पा मोबाइल बघत बघत जवळ आला आणि मध्येच थांबला.

"कुंडलिक, ही गाडी तुमची न्हाय का?"

निळी नाश्त्याची गाडी. रेल्वेच्या कामातून उरलेला रंग कुंडलिकनेच आणून तिला दिला होता. गाडी आडवी पडलेली, पोहे रस्त्यावर सांडलेले, आणि शेजारी एक चप्पल. चपलेचा अंगठा त्याने परवाच तारेने शिवून दिला होता. पुढचं त्याने बघितलं नाही.

तो तसाच निघाला, केसापासून पायापर्यंत सिमेंटने पांढरा. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात एक शिपाई म्हणाला, "आधी हातपाय धुऊन या, असं आत जाता येत नाही." कुंडलिकने त्याला हाताने बाजूला सारलं आणि आत गेला. रेश्माच्या डोक्याला मागून मारलं होतं. तोंडावर कुठे काही नव्हतं. रागावून झोपल्यासारखी दिसत होती.

नंतर कितीतरी दिवस त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. शूटिंग करणारा अगदी जवळ उभा होता. नंतर धीर करून त्याने ते पुरतं बघितलं, तेव्हा रेश्माचा हात हलताना त्यात दिसला. त्या माणसाने तिच्या तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घातला नव्हता.

कुणी मारलं हे अख्ख्या चिंचोळीला ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं. दिग्विजय तिथला लेबर कॉन्ट्रॅक्टर. टॉवेलच्या कारखान्यांना पॅकिंगसाठी बायका पुरवायचा. गळ्यात चेन, गाडीच्या काचेवर स्वतःचंच नाव. सना नावाची एक पोर त्याच्याकडे नवीन लागली होती. त्याने तिला गोदामात बोलावून घेतलं आणि अंगाशी झटला. पोर सुटून पळाली आणि रेश्माच्या गाडीमागे येऊन रडत बसली. रेश्माने स्टोव्ह बंद केला, पोरीचा हात धरला आणि सरळ पोलीस चौकीत नेलं.

त्या संध्याकाळी ती कुंडलिकला म्हणाली होती, "रोज माझ्या हातचा चहा पितो आन् पोरीबाळींच्या अंगाला हात लावतो? बघते मी त्याच्याकडं."

"तू कशाला मधी पडतीस?"

"मग कोण पडनार? तुमी?"

दिग्विजय तक्रार मागे घ्यायला सांगण्यासाठी गाडीवर आला, तेव्हा तिने त्याच्यासाठी ओतलेला चहा त्याच्या देखत गटारात ओतला. सगळ्या कामगारांनी ते पाहिलं. महिन्याभरात रेश्मा गेली. सनाच्या बापाने पोरीला कर्नाटकात आजोळी पाठवलं, आणि ती परत आली नाही.

राख सावडून घरी आले त्या दिवशी जाहिदा आली. पॅकिंगमध्ये काम करणारी, चाळिशीची बाई. तिचा नवरा तौहीद बाहेर रिक्षात बसून होता, इंजिन चालू ठेवून. बायका बसल्या होत्या त्यांच्यातून वाट काढत ती कुंडलिकसमोर आली.

"भाई, मैं देखी. मेरी आँखों से देखी."

जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याच्या मागच्या नळावर डबा धूत होती. तिथे कंपाउंडची भिंत पडलेली आहे. त्या भगदाडातून तिला मागचा रस्ता दिसला. रेश्मा गाडी ढकलत निघाली होती. दिग्विजय मागून आला, हातात लोखंडी पाइप होता. एकदाच मारला. मग वळला, आणि पाइप टॉवेलात गुंडाळून गाडीत बसला.

"हे पोलिसात सांगशील?" कुंडलिकने विचारलं.

ती बाहेरच्या रिक्षाकडे बघत राहिली. "तुम्ही संगं आले तर सांगते."

तो तिच्याबरोबर गेला. दिग्विजयला अटक झाली, आणि पहिल्या दिवसापासून त्याने एकच पाढा लावला. मी चिंचोळीत नव्हतोच. मी टेंभुर्णीला लग्नात होतो. हजार माणूस साक्षीला आहे.

खटला उभा राहायला अडीच वर्षं गेली. तोवर दिग्विजय जामिनावर बाहेर येऊन पुन्हा बायका पुरवायला लागला होता. जाहिदाला मात्र कुठल्याच कारखान्यात काम मिळेना. कुंडलिक प्रत्येक तारखेला होटगीहून सोलापूरच्या कोर्टात यायचा आणि खाडा पडायचा. कोर्टात दिग्विजय त्याच्याकडे बघायचाही नाही. माणूस कठड्याकडे किंवा पंख्याकडे बघतो तसा त्याच्या आरपार बघायचा.

जाहिदाची उलटतपासणी झाली तो दिवस कुंडलिकच्या अंगात अजून जळतो.

"तुम्हाला चष्मा आहे?" आरोपीच्या वकिलाने विचारलं.

"शिवायला बसले की लावते."

"त्या दिवशी डोळ्याला होता?"

"डबा धुवायला चष्मा कशाला साहेब?"

मागे कुणीतरी हसलं. वकीलही हसला. लिहून घेतलं गेलं, चष्मा नव्हता. जाहिदाला जवळचं अंधूक दिसतं आणि लांबचं लख्ख दिसतं, सुईत दोरा ओवता येत नाही पण रस्त्यापलीकडचा माणूस ओळखता येतो, हे तिला कुणी विचारलं नाही.

"चेहरा पाहिलात?"

"वळला तवा पाहिला."

"पोलिसांना दिलेल्या जबाबात तो वळल्याचं नाही."

"मी सांगितलं व्हतं. त्यांनी लिवलं नसंल."

"म्हणजे पोलीस खोटे?"

वकील टेबलाला टेकून उभा राहिला. "खून पाहिलात आणि लगेच पोलिसांत गेला नाहीत. का?"

"भीती वाटली."

"आणि राख सावडल्यावर भीती गेली?"

"न्हाय साहेब," जाहिदा म्हणाली, "अजून हाय."

कुंडलिक उठून उभा राहिला आणि ओरडला, "तिला काय इचारताय? त्याला इचारा की!" पोलिसाने खांदा दाबून त्याला खाली बसवलं. जज साहेबांनी पुन्हा असं झालं तर बाहेर काढीन म्हणून बजावलं. दिग्विजयला एकदाही कुणी काही बजावलं नव्हतं.

मग टेंभुर्णीची माणसं आली. कुंडलिकला वाटलं होतं, विकत घेतलेली माणसं असतील. तोंडावरून कळेल. पण तशी ती नव्हती, आणि तीच अडचण होती. नवरदेव अजिंक्यचे वडील नागनाथ तात्या, धुतलेलं धोतर, हातात टोपी. एक निवृत्त मास्तर. अजिंक्यची चुलती सोनाबाई, जिने कोर्टात शिरताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, दिग्विजय लग्नात होता.

सरकारी वकील बाईंनी सोनाबाईंना विचारलं, "तुम्ही त्याला स्वतः पाहिलं?"

"फेटा बांधला की त्येला."

"बांधताना पाहिलं?"

"आवो बाई, मायकावर नाव पुकारलं. एवढ्या माणसात मायकावर खोटं पुकारत्यात व्हय?"

लग्नाचं शूटिंगही कोर्टात लावलं. पडद्यावर नवरी खाली मान घालून बसली होती आणि मागे भारदस्त आवाज घुमत होता, "चिंचोळीचे युवा उद्योजक, आपल्या सर्वांचे लाडके दिग्विजयदादा या ठिकाणी उपस्थित झालेले आहेत. त्यांचा सत्कार फेटा बांधून करण्यात येत आहे." दिग्विजय काही दिसला नाही. फोटोग्राफर म्हणाला, तेव्हा कॅमेरा नवरीवर होता. दिग्विजयचा मोबाइलही त्या दुपारी टेंभुर्णीच्याच टॉवरवर होता. त्याचा धाकटा भाऊ लग्नात होता, हे सगळे मान्य करत होते. मोबाइल त्या भावाच्याच खिशात होता की काय, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारून कोण खरं सांगणार होतं?

कोर्टाबाहेरच्या टपरीवर नागनाथ तात्या स्वतः कुंडलिकजवळ आले. हातात दोन चहा.

"पाव्हणं, घ्या. तुमच्यावर लई वंगाळ येळ आली. पर मी खोटं बोललो न्हाय. पोराची आन हाय."

कुंडलिकने चहा घेतला नाही. तात्यांचा हात तसाच पुढे राहिला, चहावर साय धरली. खोटं बोलणाऱ्याच्या थोबाडात मारता येतं. पण ह्या म्हाताऱ्याला काय करायचं? हा खरं समजून बोलत होता. त्याच्या खरेपणानेच रेश्माला मारणारा सुटणार होता. कुंडलिकला त्या क्षणी दिग्विजयपेक्षा ह्या भल्या माणसाचा जास्त राग आला.

"तात्या, तुमी त्याला डोळ्यानं बघितलं का?"

"लग्नात बापाला कुटं बघायला येळ असतो? पर नाव पुकारलं की!"

होटगीला परतताना कुंडलिकच्या कानात तेच घुमत होतं. नाव पुकारलं की. आणि मग त्याला रेश्मा हसताना दिसली.

तिच्या भावाच्या मुलीचं मोहोळला लग्न होतं. रेश्मा आदल्या दिवशीच गेलेली. कुंडलिक रेकवरून सुटून मागून निघाला आणि वाटेत रिक्षा पंक्चर झाली. अक्षता पडल्यावर तो मांडवात पोचला, तर त्याचा मान-पान आधीच झालेला. 'होटगीहून आलेले आमचे दाजी' म्हणून माइकवर नाव पुकारून, टॉवेल-टोपी मेहुण्यानेच त्याच्या नावाने घेऊन ठेवली होती. दाजीचं नाव राहिलं तर दाजी रुसतो, म्हणून. रेश्मा पोट धरून हसली होती. "तुमच्या आधी तुमचं नाव जेवून गेलं!" पुढे वर्षभर सासरवाडीची माणसं सांगायची, दाजी अक्षतांना होते की, नाव पुकारलं की त्यांचं.

कुंडलिकने दुसऱ्या दिवशी हे सरकारी वकील बाईंना सांगितलं. त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "माइकवर कोण होतं ते शोधा. तो बोलायला तयार असेल तर मी कोर्टाकडे अर्ज करते."

शोधायला कष्ट पडले नाहीत. माढा तालुक्यात लग्नाचा माइक म्हणजे इमामसाब. कुंडलिक टेंभुर्णीला पोचला तेव्हा एका मंगल कार्यालयात खुर्च्या मांडणं चालू होतं, आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा स्टेजवर माइक ठोकून बघत होता.

"इमामसाब तुमीच का?"

"मीच. आपण नवरदेवाकडचे की नवरीकडचे?"

"जिचा खून झाला तिचा नवरा मी."

माइक चालू होता. चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून ते वाक्य अख्ख्या कार्यालयात गेलं. खुर्च्या मांडणारे थांबले. हार घेऊन चाललेली बाई जागीच उभी राहिली. इमामसाबनी घाईघाईने बटण बंद केलं.

"असं शुभकार्यात बोलू नये पाव्हणं."

"मग कुटं बोलू? तुमी माणूस बघून नाव पुकारता का?"

इमामसाब खुर्चीवर बसले. त्यांनी पाणी मागवलं आणि पेला कुंडलिकपुढे ठेवला.

"बघून पुकारायला बसलो तर लग्न लागायचं न्हाय. कुणीतरी येऊन कानात सांगतं, मी पुकारतो. पुढारी घरी झोपलेला असला तरी मी 'वाटेत आहेत' म्हणतो. घरच्या माणसाची मान खाली जाऊ नये, एवढंच माझं काम."

"दिग्विजयचं नाव कुणी सांगितलं?"

"त्याच्या भावानं. म्हणला, दादा गाडी लावून येतोय, नाव घ्या. फेटा बी भावानंच हातात घेतला."

"मग आला का दादा?"

"मला दिसला न्हाय."

"हेच कोर्टात सांगा."

"सोपं हाय व्हय?" इमामसाबचा आवाज खाली आला. "हे सांगितलं की माझा माइक गेला. ह्यापुढं मी कुणाचं नाव पुकारलं की लोक मागं वळून बघतील, खरंच आलाय का म्हणून. आमी चार घरं हितं सगळ्यांचा मान राखून ऱ्हातो, पाव्हणं."

"वळून बघूद्यात की!" कुंडलिक उभा राहिला. "माझी बायको मागं वळून बघायच्या आधी मेली. तुमच्या मांडवात लोकांनी वळून बघितलं तर तुमचं काय मरतंय?"

पेला तसाच ठेवून तो बाहेर पडला. त्याला वाटलं, हा येणार नाही.

पण कोर्टाने बोलावलं तेव्हा इमामसाब आले. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, लग्नाला निघाल्यासारखे. नागनाथ तात्या मागच्या बाकावर येऊन बसले होते. माइकशिवाय इमामसाबचा आवाज अगदी साधा होता. नाव भावाने सांगितलं, माणूस दिसला नाही, फेटा भावाने घेतला, एवढं त्यांनी सरळ सांगितलं.

आरोपीचा वकील पुढे आला. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही हजार लोकांसमोर खोटं बोललात."

"लग्नात मी मान द्यायला बोलतो साहेब. खऱ्या-खोट्यासाठी कोर्ट हाय."

"मग आज तुम्ही खरं बोलताय कशावरून?"

"आज मला कुणी कानात येऊन सांगितलेलं न्हाय."

मागच्या बाकावर नागनाथ तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. त्या दिवशी पहिल्यांदा दिग्विजयने कुंडलिककडे बघितलं. कुंडलिकला वाटलं, धरला. आता धरला.

निकाल पावसाळा सरता सरता लागला. कुंडलिकला भाषा सगळी कळली नाही, पण वकील बाई शेजारी उभ्या राहून हळू आवाजात सांगत होत्या. आरोपी टेंभुर्णीला लग्नात होता हा बचाव कोर्टाला पटला नाही. कुंडलिकने डोळे मिटले. त्याला रेश्माचं हसणं ऐकू आलं. पण जज साहेब वाचतच होते. बचाव पडला म्हणून गुन्हा आपोआप सिद्ध होत नाही. घटना पाहणारी साक्षीदार एकच. ती उशिरा बोलली. चष्मा नव्हता. आरोपी वळल्याचं आधीच्या जबाबात नाही. पाइप सापडला नाही. संशयाचा फायदा. निर्दोष.

बाहेर व्हरांड्यात कुंडलिकने वकील बाईंना गाठलं.

"ताई, तो तिथं लग्नात नव्हता, हे साहेबांना पटलं ना?"

"पटलं."

"मग तो हितं व्हता."

"ते आपण सिद्ध करायचं होतं, कुंडलिक."

"तिथं न्हाय, हितं न्हाय. मग त्या दुपारी व्हता कुटं? आभाळात?"

बाई फाइलची नाडी बांधत राहिल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण त्याने कुंडलिकचं काय भागणार होतं?

कोर्टाच्या फाटकाबाहेर पोरांनी गुलाल आणला होता. कुणीतरी दिग्विजयच्या डोक्याला भगवा फेटा बांधला. ह्या वेळी फेटा खरोखर त्याच्याच डोक्यावर होता आणि हजार नाही तरी शंभर माणसं ते डोळ्यांनी बघत होती. पोरं त्याच्या नावाने ओरडत होती. कुंडलिक त्यांच्याकडे निघाला. काय करणार होता हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. रस्त्याकडेच्या खडीतला दगड त्याने कधी उचलला हेही त्याला कळलं नाही. जाहिदाने मागून त्याचं मनगट धरलं.

"नको भाई. मग तुम्हाला बघितलेले लई निघतील. एकाला बी चष्मा विचारनार न्हाईत."

त्याने दगड टाकला. तौहीदची रिक्षा कडेला उभी होती. ह्या वेळी इंजिन बंद होतं.

"मैं झूट नहीं बोली, भाई," ती म्हणाली.

"मला म्हाईत हाय. तुला चष्म्याचं इचारलं. दिसतं का म्हणून कुणी इचारलं न्हाय."

त्या लग्नसराईत इमामसाबना कुणी बोलावलं नाही. टेंभुर्णीत आता दुसरा माणूस माइकवर असतो आणि तोही कानात सांगतील ती नावं पुकारतो. एकदा इमामसाबचा फोन आला. म्हणाले, नागनाथ तात्या घरी येऊन बसून गेले, काही बोलले नाहीत, नुसते बसले. कुंडलिकने ऐकून घेतलं. त्याला इमामसाबवर रागवायचं होतं, आधीच कुणी न विचारता का आला नाहीत म्हणून. पण त्याने फोन ठेवून दिला.

रेश्माची निळी गाडी मुद्देमाल म्हणून अजून चौकीच्या आवारात उभी आहे. चाकं जमिनीत रुतली आहेत. ती सोडवून आणलेली नाही. सनाची तक्रार ज्या कोर्टात आहे तिथे ती तक्रार एकदाही सुनावणीला आलेली नाही. निकालपत्रात रेश्माचा मृत्यू हा खून आहे असं लिहिलं आहे, तो कुणी केला हे लिहिलेलं नाही. दिग्विजय चिंचोळीत बायका पुरवतो. कोल्हापूरला हायकोर्टात अपील करायचं आहे. ते अजून दाखल झालेलं नाही.